भूल, भगत आणि बार्देशचा पाद्री

वहिनींच्या वन्संच्या छातीत गाठ निघाली, ही बातमी मला वहिनींच्याही आधी लागली होती. जव्हारहून लसूण विकायला येणारी बाई वन्संच्याच आळीतली. पण शेजारधर्माचा एक नियम आहे: ज्याच्या घरची बातमी, त्याच्याच तोंडून ती पहिल्यांदा ऐकतोय असं दाखवायचं. तेव्हा वहिनी मेंदीच्या कुंपणाशी येऊन "ऐकलंत का ताई?" म्हणाल्या, तशी मी हातातली बादली खाली ठेवली आणि "अग्गंबाई!" म्हटलं. अगदीच खोटं नव्हतं ते, कारण पुढचं मला खरंच ठाऊक नव्हतं.

"गाठीचं तेवढं नाही हो. बायोप्सी झाली, टाटा हॉस्पिटलात फाईल झाली, ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळाली. लवकर सापडलीय म्हणतात. पण वन्सं अडून बसल्यात. कापायला भीत नाही म्हणतात, भूल घ्यायला भिते. भुलीतून उठलेच नाही तर? आणि आता त्यात हे बघा."

वहिनींनी मोबाईल पदराला पुसून कुंपणावरून पुढे केला. वन्संच्या भाच्याने एकाच दिवशी दोन व्हिडिओ पाठवले होते. पहिल्यात कुठल्याशा गोऱ्या देशातलं ऑपरेशन थिएटर. टेबलावर पन्नाशीची बाई, डोळे मिटलेले, चेहरा दुपारी पडल्या पडल्या डुलकी लागलेल्या माणसाचा. डोक्याशी स्टुलावर बसलेली डॉक्टरीण तिच्या कानाशी वाकून हळूहळू काहीतरी बोलतेय आणि मधल्या हिरव्या पडद्याच्या पलीकडे दोघंजण तिच्या छातीवर काम करतायत. खाली गुजरातीत लिहिलेलं, भूल न देता फक्त संमोहनावर कॅन्सरचं ऑपरेशन. दुसऱ्यात भगव्या जाकिटातले एक गृहस्थ. सात बैठकांत कॅन्सर मुळापासून गायब, कापाकापी नाही, केमो नाही. खाली फोन नंबर, मोठ्या अक्षरात.

"आता वन्सं म्हणतात, टाटा नको, मला ह्या जाकिटवाल्याकडे न्या."

तेवढ्यात काकी आली. काकी पलीकडच्या पाड्यावरची, वारली. आमच्या दोन्ही घरांना शेवग्याच्या शेंगा तीच देते आणि शेंगांच्या जोडीला पाड्यावरच्या बातम्या. तिने मान वाकडी करून जाकिटवाला पाहिला आणि विचारलं, भगताने मोबाईल कधी घेतला? मग तिने फरकही सांगितला. पाड्यावरचा भगत सुपातले तांदळाचे दाणे बघतो, कोण कोपलंय ते सांगतो, कोंबडं मागतो. ह्याने दाणे नाही बघितले, दुखणं नाही विचारलं, सरळ नंबर दिला.

वहिनींची पुतणी दात घासत ओट्यावर उभी राहून सगळं ऐकत होती. ती मुंबईला भूलशास्त्रात एम.डी. करते, सुट्टीला आली की आम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणतो आणि ती चिडते. तोंड धुऊन ती कुंपणाशी आली.

"काकू, पहिला व्हिडिओ खरा आहे. दुसरा शुद्ध लबाडी. असल्या जाहिराती करणं गुन्हा आहे, 1954 सालचा कायदा आहे, त्यातल्या रोगांच्या यादीत कॅन्सर आहे."

"1954? आपलं नगर हवेली सुटलं तेच वर्ष," मी म्हटलं.

"फिरंगी गेला आणि हे राहिले," वहिनी म्हणाल्या.

"पण पहिल्याच्या खाली लिहिलंय तेही अर्धवटच आहे. पूर्ण भूल दिलेली नाही, एवढंच खरं. कापायची जागा इंजेक्शनं देऊन बधिर केलेली असते, सलाईनमधून वेदनेचं थोडं औषध चालू असतं. आणि ती जी कानाशी बोलतेय ना, ती भूल डॉक्टरच आहे. पूर्ण भुलीची सगळी तयारी तिच्या हाताशी असते. बाईने नको म्हटलं किंवा कपाळावर आठी दिसली, की दुसऱ्या मिनिटाला गाढ झोपवणार. बेल्जियममध्ये लिएज म्हणून गाव आहे. तिथल्या मारी-एलिझाबेथ फेमोंव्हिल ह्या भूल डॉक्टरने 1992 पासून हे सुरू केलं, आधी गळ्याच्या गाठी आणि वरवरची ऑपरेशनं, आणि आजवर तिथे हजारोंनी झालीत. ब्रुसेल्सच्या सेंट-ल्यूकमध्ये आणि पॅरिसच्या क्यूरी इन्स्टिट्यूटमध्ये छातीच्या कॅन्सरची करतात. पण आपल्याकडे ही रोजची पद्धत नाही, तेव्हा वन्संआत्याला टाटात गेल्या गेल्या 'मला व्हिडिओतल्यासारखं करा' म्हणू नको म्हणावं."

"पण करतात काय नेमकं? डोळ्यांपुढे लोलक हलवतात?"

"ते सिनेमात. इथे नजर एका ठिकाणी लावायला सांगतात, मग डोळे मिटायचे, श्वास सावकाश, पायापासून एकेक अवयव सैल सोडायचा. मग आधीच ठरवलेली एखादी आवडती आठवण काढायची आणि तिच्यात शिरायचं. डॉक्टर एकाच संथ सुरात त्या आठवणीचं बोट धरून बोलत राहते. बाई झोपलेली नसते. हाक मारली तर ओ देते. फक्त लक्ष तिथे नसतं. काकू, तुमची मालिका चालू असते तेव्हा गॅसवरचं दूध उतू जातं, वास घरभर सुटतो, तुम्हाला कळतं का?"

"कळतं. पण उठवत नाही," वहिनी प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"तेच ते. मॉन्ट्रियलच्या पिएर रेनव्हिलने 1997 मध्ये मेंदूची चित्रं काढून हे दाखवलं. हात गरम पाण्यात, संमोहनात सांगितलं की त्रास कमी होतोय. चटका नोंदवणारा मेंदूचा भाग नोंदवतच होता. पण त्या चटक्याने जीव किती कासावीस व्हायचा ते ठरवणारा भाग मंदावला. म्हणजे पाणी तेवढंच गरम, पण सोसवतं."

वहिनींनी आवाज खाली आणला. वहिनींचा आवाज खाली आला की समजावं, आता मुद्द्याचं बोलणार. "ते सगळं खरं गं. पण एकदा आपलं मन दुसऱ्याच्या हातात दिलं, की तो काय वाटेल ते करून घेईल. आमच्या माहेरी एकाला चहातून काहीतरी घालून वश केलं होतं. त्याने घर लिहून दिलं."

काकीनेही मान हलवली. वश करण्याच्या गोष्टी पाड्यावरही आहेत. (वहिनींच्या माहेरचं ते घर कोणाला आणि का लिहून दिलं हे साऱ्या गावाला माहीत आहे. त्यात चहाचा काही संबंध नव्हता. पण वहिनींसमोर ते कोण काढणार!)

इथे मला राहवेना. माझं आजोळ गोव्यातलं, बार्देशातल्या म्हापशाचं. आणि ह्या विषयात जगात कोणाला बोलायचा हक्क असेल तर तो बार्देशकरांचा.

"वहिनी, मन दुसऱ्याच्या हातात जातच नाही, हे पहिल्यांदा जगाला कोणी सांगितलं माहितीय? आमच्या कांदोळीच्या पाद्र्याने. आबे फारिया."

"तो पणजीतला पुतळा? बाई मागे कोसळतेय आणि तो दोन्ही हात पुढे करून उभा आहे, तो? बाई गं, मी सहलीला गेले होते तेव्हा त्याच्यासमोर फोटोसुद्धा काढला नाही."

"तोच. आता ऐका. जन्म 1756 चा, कांदोळीत. बाप कोलवाळचा. नवराबायकोचं पटेना. तर बाप झाला पाद्री आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण."

"दोघंही?" काकीने शेंगांची जुडी खाली ठेवली.

"दोघंही. पंधरा वर्षांच्या पोराला घेऊन बाप 1771 मध्ये पोर्तुगालला निघाला. तेव्हा इथे आपल्याकडे फिरंगी यायचा होता, पेशव्यांचा अंमल होता. पोरगा रोमला शिकला, धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला. परत लिस्बनला आला तर राणीसमोर प्रवचन करायची पाळी आली. चढला वर, बघितला समोर सगळा दरबार, आणि वाचाच बसली. एक शब्द फुटेना. तर खालून बाप हळूच कोकणीत म्हणाला, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! पोराची जीभ सुटली ती सुटलीच. आमच्या आजोळी अजून कोणी स्टेजवर अडखळलं की मागून आवाज येतो, कातर रे भाजी."

"राणीला भाजी म्हणाला?" वहिनींना बाप एकदम आवडला.

"असं सांगतात. आणि असंही सांगतात की तीन शब्दांनी आपल्या अंगात हे काय झालं, ह्याचा विचार तो जन्मभर करत राहिला. पुढे फ्रान्समध्ये गेला. तिथे मेस्मर नावाच्या डॉक्टरचा बोलबाला होता. मेस्मरवाले म्हणायचे, आमच्या हातातून एक अदृश्य प्रवाह निघतो, तो रोग्यात शिरतो. फारियाने 1813 पासून पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग केले आणि सांगितलं, प्रवाह-बिवाह काही नाही. माझ्याकडे कसलीही शक्ती नाही. झोप ज्याला लागते त्याच्याच आतून येते, मी फक्त सांगतो. तो माणसाला खुर्चीत बसवायचा, डोळे मिटायला सांगायचा, मन गोळा करायला सांगायचा आणि ठासून म्हणायचा, झोपा! काहींना लागायची, काहींना नाही. ज्याला नाही त्याला घरी पाठवायचा. मंत्र नाही, हातवारे नाहीत."

"मग पुतळ्यात हात का पुढे केलेत?"

हा प्रश्न मी स्वतः किती वर्षं विचारतेय. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामतांचा, 1945 साली बसवलेला, जुन्या सचिवालयाशेजारी. शिल्प म्हणून जबरदस्त आहे, झग्याच्या घड्यांतसुद्धा वारा भरलाय. पण ज्या माणसाने हातांत काही नसतं हे सांगण्यात आयुष्य घालवलं, त्याचे हातच तेवढे लोकांच्या लक्षात राहिले. येणारा पर्यटक 'जादूगार पाद्री' म्हणून फोटो काढतो आणि पुढे जातो. पॅरिसनेही त्याला धड वागवलं नाही. 1816 मध्ये त्याची टर उडवणारं नाटक रंगभूमीवर आलं आणि बाजार उठला. 1819 मध्ये पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी तो गेला. पुढे ड्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मधल्या कैद्याला त्याचं नाव दिलं, म्हणून निदान नाव तरी उरलं.

"आणि मावशी, गंमत म्हणजे," डॉक्टरीणबाई म्हणाली, "ज्या पॅरिसने त्याला हसून घालवलं तिथेच आता क्यूरीत हे चाललंय. छातीच्या ऑपरेशनची तर जुनी गोष्टही पॅरिसचीच आहे. 1811 मध्ये फॅनी बर्नी नावाच्या इंग्लिश लेखिकेचा स्तन तिथे कापला. भूल नव्हतीच तेव्हा. पुढे तिने बहिणीला पत्रात सगळं लिहिलं. मी वाचायला घेतलं आणि मध्येच मिटलं, आणि मी रोज ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, उभी असते. मग 1829 मध्ये ज्यूल क्लोके ह्या सर्जनने चौसष्ट वर्षांच्या मादाम प्लांतँचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन केलं. तिच्या डॉक्टरने तिला आधी संमोहनात नेलं होतं. सर्जन कापतोय आणि बाई त्याच्याशी शांतपणे बोलतेय!"

"वाचली?"

"ऑपरेशनातून वाचली. पण काही दिवसांनी छातीच्या आतल्या दुखण्याने गेली. तेव्हाच्या डॉक्टरांनी क्लोकेलाच वेड्यात काढलं, म्हणाले बाई सोंग करत होती."

"सोंग करून एवढं सोसता येत असेल तर मला शिकवा म्हणावं," वहिनी म्हणाल्या.

मग ती आपल्या देशातलं सांगायला लागली. कंपनी सरकारचा जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन, कलकत्त्याजवळ हुगळीला. 1845 मध्ये त्याने एका कैद्यावर पहिला प्रयोग केला आणि मग शेकड्याने ऑपरेशनं केली, मोठमोठ्या गाठी काढल्या. तासन् तास हात फिरवून तो स्वतः दमायचा, म्हणून ते काम त्याने दवाखान्यातल्या हिंदी मदतनिसांवर सोपवलं. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याला वेगळा दवाखानाही मिळाला. पण 1847 मध्ये क्लोरोफॉर्म आलं. चार थेंब रुमालावर टाकले की काम होतं म्हटल्यावर तासभर हात फिरवणारा माणूस कोणाला हवा! भूल जिंकली, आणि जिंकली ते बरंच झालं, असं मला वाटतं. संमोहनाचं खूळ डोक्यात घेऊन भुलीला नावं ठेवणारे लोक मला जाकिटवाल्याचेच चुलतभाऊ वाटतात.

"पण मग आता पुन्हा कशाला काढलं?" काकीचा प्रश्न रास्त होता. औषध आहे, लागू पडतं, तर कानात बोलायला माणूस कशाला बसवायचा?

"कारण औषध जास्त झालं की उलट्या, मळमळ, अंगातलं त्राण जाणं, हे सगळं नंतर येतं. आणि भीतीला औषधाच्या बाटलीत उतारा नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये गाय मॉन्टगोमेरी म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2007 मध्ये एक अभ्यास छापला. छातीची बायोप्सी किंवा गाठ काढायला आलेल्या दोनशे बायका. अर्ध्यांना ऑपरेशनच्या आधी पंधरा मिनिटं संमोहन, अर्ध्यांशी तेवढाच वेळ मानसशास्त्रज्ञाने नुसत्या गप्पा मारल्या, त्यांचं ऐकून घेतलं. भूल नंतर सगळ्यांनाच दिली. संमोहनवाल्यांना भुलीचं औषध कमी लागलं, नंतर दुखणं कमी, मळमळ कमी, थकवा कमी. ऑपरेशनचा वेळसुद्धा दहाएक मिनिटांनी वाचला. दवाखान्याचे माणशी 772 डॉलर वाचले."

"म्हणजे नुसत्या गप्पांनी भागलं नाही?" वहिनींना हे मनाला लागलं.

"त्या अभ्यासात नाही भागलं. पण ऐका पुढे. फ्रान्समध्ये दीडशे बायकांवर तसाच अभ्यास झाला, 2018 मध्ये छापला. पूर्ण भुलीआधी पंधरा मिनिटांचं संमोहन. तिथे दुखणं काही कमी झालं नाही. थकवा तेवढा कमी झाला. तेव्हा कोणी म्हणालं की संमोहनाने दुखतच नाही, तर एवढं सरळ नाही ते. आणि सगळ्यांवर सारखं चालत नाही. काहीजण पटकन शिरतात, काहींचं काही केल्या जमत नाही, फारियाच्या खुर्चीसारखंच. ज्यांना भास होतात, ऐकू येत नाही, विसरायला होतं, त्यांच्यावर हा प्रयोग करत नाहीत. गाठीवर तर संमोहनाचा परिणाम शून्य. गाठ काढावीच लागते."

"टाटात ते शंभर रुपयांचं इंजेक्शन देतात म्हणे गाठीला, तेच का हे?"

"नाही काकू, ते वेगळं. ते बधिर करायचं साधंच औषध, पण गाठ काढायच्या आधी तिच्या चहूबाजूंनी टोचायचं. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडव्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सोळाशे बायकांवर करून बघितलं, 2023 मध्ये छापलं. पाच वर्षांनी हयात असलेल्या बायका 86 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर. ह्याबद्दल मात्र सर्जनला जरूर विचारा."

काकी इतका वेळ ऐकत होती. मग तिने जे विचारलं ते आम्हा तिघींपैकी कोणालाच सुचलं नव्हतं. ती डॉक्टर कानात बोलते ती कोणत्या भाषेत?

डॉक्टरीणबाई गप्प झाली. मग म्हणाली, "रोग्याच्याच. दुसऱ्या भाषेत होतच नाही हे."

काकीच्या घरी वारली बोलतात. बाजारात गुजराती, शाळेत पोरांची मराठी, ऑफिसात हिंदी. काकी सांगत होती, दवाखान्यात कोणी गुजरातीत विचारलं तरी ती हो म्हणते, हिंदीत विचारलं तरी हो म्हणते. अर्धं कळत नाही, पण हो म्हटलं की लवकर सोडतात. अंगठा उठवला तोही असाच. आता अशा बाईला कोणी हिंदीत म्हणालं, आप एक सुंदर बगीचे में हैं, तर ती हो म्हणेल आणि तशीच ताठ पडून राहील. वन्संचंही तेच. त्यांचं बोलणं जव्हारकडचं, मुंबईचं पुस्तकी मराठी कानावर पडलं की त्या पदर सावरून बसतात. सैल सोडायचं तर सोडाच!

मला वाटतं ही खरी अडचण आहे. बेल्जियमहून यंत्र आणता येईल, औषध आणता येईल. वारलीत संथ आवाजात बोलणारी भूल डॉक्टर कुठून आणायची? ती पाड्यावरच शिकून तयार व्हायला हवी. सिल्वासाला आता मेडिकल कॉलेज आहे, तिथे आपल्या पाड्यांवरची पोरं शिकतील तेव्हा कदाचित. तोवर नर्सबाई का होईना, घरच्या बोलीत चार शब्द बोलली तरी अर्धं काम होईल.

"आणि जे आधीच बोलतो ते थांबवलं तरी पुष्कळ," डॉक्टरीणबाई म्हणाली. "सुई टोचताना आम्ही काय म्हणतो? 'आता टोचणार हं, जरासं दुखेल.' एल्विरा लँग म्हणून अमेरिकेतल्या डॉक्टर आहेत, त्यांनी तपासलं, असं म्हटल्याने दुखणं आणि धास्ती दोन्ही वाढतात. छातीच्या बायोप्सीच्या 236 बायकांवरही त्यांनी अभ्यास केला. संमोहनवाल्यांची भीती सुईच्या वेळी उतरत गेली, साधी वागणूक मिळालेल्यांची वाढत गेली. ज्या ओटीत हे करतात तिथे सगळेजण हळू बोलतात, ट्रे आपटत नाहीत."

माझ्या पिशवीच्या ऑपरेशनची मला आठवण झाली. कमरेखाली भूल, वरती मी टक्क जागी. कुठला दवाखाना ते सोडा. पडद्यापलीकडे दोन डॉक्टरांचं फ्लॅटच्या हप्त्यांवरून चाललेलं. पार्किंग मिळालं नाही, बिल्डरने फसवलं. मध्येच "हे काय आलं इथे?" असं एकजण म्हणाला. माझा श्वास अडकला. नंतर कळलं, बिल्डरच्या पत्राबद्दल होतं ते. माझ्या पिशवीचं काय झालं हे मला आजतागायत कोणी नीट सांगितलेलं नाही, पण त्या फ्लॅटला पार्किंग नाही हे पक्कं ठाऊक आहे.

"मग वन्संचं काय करायचं?" वहिनींनी गाडी रुळावर आणली.

डॉक्टरीणबाईने सांगितलं ते असं. ऑपरेशनच्या आधी भूल डॉक्टर तपासायला येतात तेव्हा न लाजता सांगायचं, मला भुलीची भीती वाटते, आणि उठले नाही तर ही नेमकी भीती सांगायची. पूर्वीच्या भुलीत उलट्या झाल्या असतील तर तेही. जाकिटवाल्याला ब्लॉक करायचं. आणि ती स्वतः वन्संसाठी मोबाईलवर दहा मिनिटांचं काहीतरी बोलून ठेवील, श्वासाचं, अंग सैल सोडायचं, ओटीत नेण्याआधी कानाला लावून ऐकायला. "हे काही व्हिडिओतलं संमोहन नाही, तेवढं शिक्षण माझं झालेलं नाही. पण धडधड कमी होईल. फक्त त्यांची एखादी आवडती आठवण हवी. आणि बोलायचं जव्हारच्या बोलीत, म्हणजे बोलणार काकू, मी फक्त बाजूला बसून हळू हळू म्हणणार."

आठवण ठरवायला लगेच फोन लावला. वन्सं म्हणाल्या, बोहाडा. जव्हारचा बोहाडा! मुखवटे, संबळ, रात्रभर नाच, देवांच्या आणि राक्षसांच्या लढाया. डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला. तिला नदीकाठ, झाडाची सावली असलं काहीतरी हवं होतं. वहिनी म्हणाल्या, आमच्या दुधनीच्या तलावातली होडी सांग. वन्सं म्हणाल्या, मला पाण्याची भीती वाटते. काकीने आपली आठवण देऊ केली, आवणीच्या दिवसांतली, गुडघाभर चिखल, वरून पाऊस, बायका रांगेने भात लावतायत आणि कोणाच्या पाठीवरच्या घोंगड्यात पोर झोपलंय. वन्सं पलीकडून म्हणाल्या, ते मी नको तेवढं केलंय, कंबर आठवते. शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाली, बोहाडा तर बोहाडा, त्यांची आठवण आहे, त्यांनाच ठरवू दे. राक्षस नाचून गेल्यानंतर पहाटेचं जे असतं तिथून सुरू करू.

दुपारी रेकॉर्डिंग झालं. मी कुंपणाच्या अलीकडून ऐकत होते, कोणी बोलावलं नव्हतं. वहिनी पहिल्या दोन मिनिटांत फार छान बोलल्या, मग त्यांना राहवलं नाही आणि धाकट्या जावेने बोहाड्याला कोणती साडी नेसली होती त्यावर घसरल्या. डॉक्टरीणबाईने ते पुसायला लावलं. दुसऱ्यांदा कुकर झाला. वन्संना तेच पाठवलं, तर संध्याकाळी फोन आला, पहिलं पाठवा म्हणून.

"कुठलं पहिलं? ते पुसलं."

"अहो पुसलं कशाला! साडीचं ऐकायचं होतं ना मला. हे दुसरं ऐकलं मी. त्यात तीन शिट्ट्या आहेत आणि चौथीला तुम्ही 'अगं गॅस बारीक कर' म्हणून ओरडलात. तिथपर्यंत मला झोप येत होती, मग उठून मी माझा गॅस बघून आले."